पश्चात्ताप: रडून झाल्यावर नेमकं करायचं काय

चर्चच्या उपासनेत मागच्या बाकावर बसून मी रडलोय, एकदा नाही, कित्येकदा. पाळकसाहेब हात वर करायला सांगायचे, मी करायचो, डोळे पुसायचो, बाहेर येऊन सगळ्यांना सलाम करायचो, चहा प्यायचो आणि सोमवारी परत तोच माणूस. असं जवळपास अकरा वर्षं चाललं. मला वाटायचं माझा पश्चात्ताप झालाय, कारण वाईट वाटत होतं ना, अगदी मनापासून वाटत होतं. पण त्या अकराही वर्षांत माझ्या बहिणीच्या वाट्याचे पैसे माझ्या फ्लॅटच्या भिंतींत होते आणि मी त्याच भिंतींच्या आत बसून रोज संध्याकाळी प्रार्थना करत होतो.

म्हणून हे लिहितोय. ज्यांना वाईट वाटतंय पण पुढे काय करायचं ते कळत नाहीये त्यांच्यासाठी, पायरीपायरीने. मी कुणी पाळक नाही, धर्मशिक्षणही घेतलेलं नाही, पण या रस्त्यावरून चाललोय आणि अजून चालतोय.

आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्या मराठी शब्दातच थोडी गडबड आहे. पश्चात्ताप म्हणजे पश्चात् ताप, नंतर होणारा मनस्ताप. म्हणजे शब्द उच्चारला की डोक्यात भावनाच येते. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन बदलणं, विचार करायची दिशाच बदलणं. आणि जुन्या करारात संदेष्टे जो हिब्रू शब्द वापरतात तो शूव, त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, माणूस चुकीच्या वाटेला लागला की जसा वळून परत येतो तसं. त्यात पाय आले, चालणं आलं. "वस्त्रे नव्हे, हृदये फाडा" असं योएल संदेष्टा सांगतो तेही याच अर्थानं, कपडे फाडून रडायची पद्धत तेव्हा होतीच, ते करून लोक घरी जायचे.

रडणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागरण, झालं त्याच्या आठवणी आपल्या मंडळ्यांमध्ये अजून निघतात, मुली रडून रडून पापं कबूल करत होत्या. रडू येऊ दे. फक्त तिथेच थांबू नका.

पहिली पायरी: रडू कशाचं येतंय ते तपासा

प्रेषित पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन प्रकारची दुःखं सांगतो, एक देवाच्या इच्छेप्रमाणे असलेलं, जे माणसाला फिरवतं, आणि दुसरं जगाचं, जे मरणाकडे नेतं. दोन्हीत डोळ्याला पाणी सारखंच येतं, म्हणून बाहेरून फरक कळत नाही.

शौल राजा बघा. देवाची आज्ञा मोडली म्हणून शमुवेल संदेष्ट्यानं पकडल्यावर म्हणतो, "मी पाप केलंय", आणि लगेच पुढे काय म्हणतो, तरी पण लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख (१ शमुवेल १५:३०). त्याला इज्जतीची काळजी होती. प्रभू येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यानं तर ते तीस रुपये परतसुद्धा केले, "मी निर्दोष माणसाला धरून दिलं" असं तोंडानं कबूल केलं, पण तो ज्याला धरून दिलं त्याच्याकडे गेला नाही, तो एकटा अंधारात गेला. पेत्र या शिष्यानंही त्याच रात्री प्रभूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं, तोही मोठमोठ्यानं रडला, पण तो इतर शिष्यांत राहिला, आणि पुढे किनाऱ्यावर प्रभू दिसल्यावर मासे-होडी सोडून पाण्यात उडी मारून त्याच्याकडे गेला.

स्वतःला एकच प्रश्न विचारा, शांत बसून: हे कुणालाच कधीच कळणार नाही अशी गॅरंटी मिळाली असती तरी मला एवढंच वाईट वाटलं असतं का? माझं उत्तर पहिल्यांदा "नाही" आलं होतं. तुमचंही आलं तर घाबरू नका, तेच देवाला सांगा, की प्रभू, मला पापाचं वाईट वाटत नाहीये, पकडले जाण्याचं वाटतंय. ही प्रार्थना चालते. सुरुवात खरी असणं महत्त्वाचं.

आणि एक गोष्ट इथेच सांगतो. काही लोकांना नेमकं पाप काहीच सापडत नाही, किंवा जे सापडतं ते कधीच कबूल करून झालेलं असतं, तरी दिवसरात्र अपराधीपणा छातीवर बसलेला, झोप नाही, जेवण नाही. तो पश्चात्तापाचा विषय नसूही शकतो, आजारपण असू शकतं. डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी पडत नाही. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा, उद्यावर टाकू नका.

दुसरी पायरी: "झाली" नाही, "केली" म्हणा

आपली भाषा फार सोयीची आहे. "चूक झाली", "शब्द निघून गेला", "हात उचलला गेला", "पैसे खर्च झाले". सगळं आपोआप झालंय, करणारा कुणीच नाही! एक वही घ्या, आणि प्रत्येक वाक्य "मी" पासून सुरू करा. मी मारलं. मी खोटं बिल लावलं. मी तिचे मेसेज लपून वाचले.

माझं वाक्य असं होतं: "बाबा गेल्यावर मी ताईला म्हणालो की फक्त फॉर्मॅलिटी आहे, आणि तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली." हे एक वाक्य लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या, कारण पेन टेकवलं की "पण" यायचं. पण तिच्या लग्नाचा खर्च कुणी केला. पण सगळेच भाऊ घेतात. पण आजारपणात बाबांचं मीच केलं. ही सगळी "पण" खरी होती, आणि तरीही आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत हे मला सही घेताना माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

दावीद राजाचं प्रकरण पुन्हा वाचा, २ शमुवेल ११ आणि १२. बथशेबाशी व्यभिचार, तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा खून, सगळं दाबून टाकलेलं. मग नाथान संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो, गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंतानं नेली. दावीद भडकून म्हणतो त्यानं चौपट भरून दिलं पाहिजे! दुसऱ्याचं पाप आपल्याला किती स्पष्ट दिसतं. म्हणून एक उपाय सांगतो जो मला कामी आला, तुमचं वाक्य तिसऱ्याच माणसाचं म्हणून मोठ्यानं वाचा: "एका भावानं बहिणीला फॉर्मॅलिटी म्हणून सांगून सही घेतली." आणि बघा तुम्हाला काय वाटतं.

तिसरी पायरी: देवापुढे जा, हिशोब न घेता

इथे लोक क्रम चुकवतात. वाटतं आधी सगळं निस्तरू, सुधारू, मग देवाला तोंड दाखवू. शुभवर्तमानात उलटं आहे. यरीहोत लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय उंबराच्या झाडावर बसलेला, त्यानं अजून एक रुपयाही परत केलेला नाही, आणि प्रभू येशू त्याला म्हणतो खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. पैशाचं जक्कय नंतर बोलतो. प्रभूच्या दाखल्यातल्या, बापाचे पैसे उडवून घरी परतलेल्या उधळ्या मुलानं भाषण पाठ करून आणलं होतं, मला चाकरासारखं ठेवा वगैरे, बापानं ते पूर्ण होऊच दिलं नाही, तो आधीच धावत आला होता. देवाचा चांगुलपणाच तुला पश्चात्तापाकडे नेतो असं पौल रोमकरांस लिहितो (२:४). भरपाई करून क्षमा विकत मिळत नाही, क्षमा मिळाली म्हणून भरपाई करायचं बळ येतं. हे मनात पक्कं बसवा, नाहीतर पुढच्या पायऱ्यांवर तुम्ही एकतर गर्वानं फुगाल किंवा अर्ध्यात कोसळाल.

करायचं काय: दार लावून घ्या, वहीतलं वाक्य मोठ्यानं वाचा, मनात नको, आवाज कानावर पडला पाहिजे. मग स्तोत्र ५१ वाचा, ते दावीदानं नाथान येऊन गेल्यावरचं म्हणूनच दिलंय. मग १ योहान १:९, पापं कबूल केली तर देव क्षमा करतो ते वचन.

कॅथलिक असाल तर कन्फेशनला जा, गोव्याकडे कुमसार म्हणतात तेच. तिथे तर हा सगळा क्रम आधीच ठरवून दिलेला आहे: विवेकाची तपासणी, मनापासून खेद, फादरसमोर कबुली, पापक्षमा आणि मग प्रायश्चित्त. फक्त प्रायश्चित्ताची प्रार्थना म्हणून झाली की विषय संपला असं समजू नका, चोरलेली वस्तू परत देणं त्यानं माफ होत नाही, चर्चची शिकवणही तेच सांगते. प्रॉटेस्टंट मंडळीत असाल तर एखाद्या विश्वासू, पोक्त माणसाला गाठा, याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय. त्याच्या पोटात गोष्ट राहते का हे मात्र आधी बघा. आणि साक्ष द्यायच्या उत्साहात माईकवर दुसऱ्यांची नावं येतील असं काही बोलू नका प्लीज. पाप जेवढ्या लोकांपर्यंत गेलं तेवढ्यांपर्यंतच कबुली न्यायची, एवढं माप ठेवा.

चौथी पायरी: माणसाकडे जा

मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण घेऊन आलायस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काहीतरी आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा. प्रभूनं हे गालीलात सांगितलं, मंदिर यरुशलेमात, म्हणजे ऐकणाऱ्यांसाठी परत जाऊन यायचं म्हणजे काही दिवसांची पायपीट. मला फक्त एसटीनं दोन तास जायचं होतं आणि मी अकरा वर्षं घेतली.

जाण्याआधी घरात सांगा. मी आधी बायकोला सांगितलं, आणि ती गप्प झाली, मग म्हणाली पोराच्या फीचं काय. बरोबर होतं तिचं, तिनं काही चुकीचं केलं नव्हतं आणि भार तिच्यावरही येणार होता. आम्हाला त्यावर बोलायला महिनाभर लागला. तो महिना द्या, पण वर्ष करू नका.

फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही, शक्य असेल तर समोरासमोर. बोलणं छोटं ठेवा: मी काय केलं, त्यानं तुझं काय नुकसान झालं, मी काय भरून देणार आहे. बस. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे वाक्य तोंडातून काढू नका. आपली बालपणाची दुःखं सांगू नका. आणि "मला माफ कर" असं म्हणून लगेच उत्तराची वाट बघत बसू नका, नाहीतर आता त्या माणसावर नवीन ओझं पडलं की याला मोकळं करायचं.

मी गेलो तेव्हा ताई मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती मान वर न करता निवडतच राहिली, देठ एकीकडे, पानं एकीकडे, मुळांची माती पेपरवर झटकत. जुडी संपल्यावर म्हणाली, "दादा, मी तो कागद वाचलाच नव्हता. तू म्हणालास म्हणून केली सही." मग आत गेली आणि चहा ठेवला. त्या दिवशी ती दुसरं काहीच बोलली नाही, मी चहा पिऊन परत आलो.

मला या पायरीवर जे सर्वात जड गेलं ते हेच, की समोरून काही मिळत नाही. आपण सिनेमासारखं धरून चालतो की मिठी होईल.

कुठे जायचं नाही तेही सांगतो. ज्या बाईला किंवा मुलाला तुम्ही मारलंय, छळलंय, आणि ते तुमच्यापासून लांब गेलेत, तिथे "माफी मागायला" दारात उभं राहणं म्हणजे पुन्हा दहशत. त्यांनी भेटायचं ठरवलं तरच, तेही मधे कुणीतरी जबाबदार माणूस ठेवून. विवाहबाह्य संबंध असेल तर त्या व्यक्तीला शेवटचं भेटायला जायचं नाही. आणि जे केलंय तो गुन्हा असेल तर कायद्यापुढे जा, वकील घ्या आणि खरं सांगा. देवानं क्षमा केली म्हणून पोलीस केस मिटवा असं मंडळीनं कुणालाही सांगू नये, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, तिथे तर गप्प बसणं हेच नवीन पाप आहे.

पाचवी पायरी: भरून द्या, आकड्यात

मोशेच्या नियमशास्त्रात याचे आकडे आहेत. गणना ५:७, पाप कबूल करावं, पूर्ण भरपाई द्यावी आणि वर पाचवा हिस्सा. चोरलेली मेंढी कापली किंवा विकली असेल तर चार मेंढ्या (निर्गम २२:१). आणि जक्कय स्वतःला कमी नाही, जास्तीचा हिशोब लावतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आपण या नियमाखाली नाही हे मला माहीत आहे, पण हिशोब कसा मांडायचा याची चांगली कल्पना तिथून येते.

माझा हिशोब: जमीन विकून १२ लाख आले होते. आई आधीच गेलेली, आम्ही दोघंच, म्हणजे ताईचे ६ लाख. पाचवा हिस्सा १ लाख २० हजार. एकूण ७ लाख २० हजार. एकरकमी नव्हते, तर दर महिन्याच्या ५ तारखेला १५ हजार, ४८ महिने. कागदावर लिहून, सही करून तिला दिलं, उद्या मला काही झालं तर माझ्या घरच्यांवर ते बंधनकारक राहावं म्हणून वकिलाकडून नीट करून घेतलं. आणि तिला विचारलं की हा आकडा तुला बरोबर वाटतो का, कारण जमिनीचे भाव आता किती वाढलेत हे तिलाही दिसतं. आकडा एकट्यानं ठरवू नका. ज्याचं गेलंय त्याला बोलू द्या.

माणूस वारला असेल तर? गणना ५:८ मध्ये तेही आहे, जवळच्या नातलगाला द्या, तोही नसेल तर ते परमेश्वराचं, याजकाकडे द्या. नाव घालवलं असेल तर ज्या ज्या माणसांसमोर बोललात त्यांच्याकडे परत जाऊन "मी खोटं बोललो होतो" म्हणा, सोसायटीच्या ग्रुपवर बोललात तर त्याच ग्रुपवर. गेलेला वेळ, गेलेलं बालपण भरून देता येत नाही. तिथे निदान आजपासून हजर राहा, शाळेच्या मीटिंगला, दवाखान्यात, आणि त्याबद्दल शाबासकी मागू नका.

सहावी पायरी: जुनी वाट बुजवा आणि नवी पाडा

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, मग आम्ही करावं काय? (लूक ३). त्याचं उत्तर ऐकून मला नेहमी नवल वाटतं, तो कुणालाच उपास कर, अरण्यात ये असं सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारांना: ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना: जुलमानं पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, पगारात भागवा. ज्याच्या त्याच्या धंद्यातलं, नेमकं जिथे हात घसरतो तिथलं.

तुम्हीही तसंच बघा, हात घसरतो कुठे. दारू असेल तर कोणत्या दिवशी, कुणाबरोबर, कोणत्या रस्त्यानं घरी येताना. मोबाइल असेल तर रात्री तो हॉलमध्ये चार्जिंगला. राग असेल तर कोणत्या वाक्यावर पेटता ते बायको-मुलांना विचारा, त्यांना पाठ असतं. माझं घसरणं पैशाच्या भीतीतून होतं, म्हणून घरातले सगळे व्यवहार आता बायकोला दिसतात, माझं वेगळं खातं बंद केलं.

नुसतं बंद करून मात्र चालत नाही. झाडून रिकामं ठेवलेल्या घरात आधीचा अशुद्ध आत्मा आणखी सात जण घेऊन येतो असं प्रभूनं सांगितलंय (लूक ११). इफिस ४:२८ बघा, चोरानं चोरी करू नये, एवढ्यावर पौल थांबत नाही, त्यानं हातांनी कष्ट करावे, आणि कशासाठी, गरजवंताला द्यायला काहीतरी असावं म्हणून. घेणारा हात देणारा झाला पाहिजे. तुमच्या पापाचं उलटं काय ते शोधा आणि ते आठवड्यातून एकदा तरी करा.

सातवी पायरी: पुन्हा पडलात तर

पडाल. चौदाव्या हप्त्याला मी ताईला "या महिन्यात अडचण आहे" असा मेसेज टाकला, आणि अडचण नव्हती, नवीन फ्रिज घ्यायचा होता. दोन दिवस झोप लागली नाही, मग परत वही, परत "मी", परत फोन. पैसे त्याच आठवड्यात पाठवले. धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५१७ मध्ये जी ९५ विधानं मांडली त्यातलं पहिलंच हे आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी प्रभूची इच्छा आहे, म्हणजे हे एका रात्रीचं कामच नाही. लूक १३ मधल्या अंजिराच्या झाडाला तीन वर्षं फळ नव्हतं, माळी म्हणतो आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. ते खणणं दुखतं, मुळांपाशी फावडं लागतं.

पडून उठणं आणि पडूनच राहायची सोय करणं यात फरक तुम्हाला स्वतःलाच कळतो. पापाआधीच "नंतर माफी मागू" असं मनात आलं तर तिथंच थांबून कुणाला तरी फोन लावा.

आणि ज्याचं नुकसान केलं त्याला वचनं ऐकवू नका, सत्तर वेळा सात क्षमा करा वगैरे. ते वचन त्यांच्यासाठी आहे, तुमच्या हातात हत्यार म्हणून दिलेलं नाही. क्षमा एका दिवशी होईल, विश्वास बसायला वर्षं लागतील, आणि कदाचित बसणारही नाही. तुम्ही ५ तारीख पाळा.

माझे अजून १९ हप्ते बाकी आहेत. पहिलं वर्षभर ताईकडून फक्त ते निळे टिक यायचे. मागच्या महिन्यात पैसे गेले आणि थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, "दादा, त्या हक्कसोडपत्राची कॉपी पाठव. मला वाचायचं आहे." मी कपाटातून ते काढलं, चारही पानांचे फोटो नीट उजेडात काढले, तिची सही असलेलं शेवटचं पानसुद्धा, आणि पाठवून दिले.